बारा वॅटचे भावजी

पेडणे तालुक्यातील समस्त जनतेस, तसेच डिचोलीहून दोन बसगाड्या बदलून येणाऱ्या मंडळींस अत्यंत जड अंतःकरणाने व पूर्ण शुद्धीत कळविण्यात येते की, कापूस जळतो.

हसू नका. हे वाक्य मी चार-पाच वर्षं दिवसातून दहा वेळा मराठीत, कोकणीत, मोडक्या इंग्रजीत आणि एका रशियन बाईंसाठी नुसत्या हातवाऱ्यांनी सांगितलं आहे. लोक मान डोलवायचे, समजलं म्हणायचे आणि आठवड्याने जळका कापूस घेऊन परत यायचे. एकदा तर सांगणाराच विसरला. तो मी. संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातला अनुभव लिहा’ म्हणून फोन केला तेव्हा तीस वर्षांतले पंप, पंखे आणि मिक्सर रांगेने डोळ्यांपुढून गेले. पण त्या सगळ्यांना ढकलून पुढे आली ती डिचोलीजवळच्या मुळगावची एक चतुर्थी. तेव्हा तीच सांगतो.

मी मूळचा वायंडिंगवाला. पेडण्याच्या बाजारात माझं दुकान. जळलेली मोटर उघडायची, आतली काळी पडलेली तार उपटून काढायची, नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची, वार्निश पाजायचं, सुकवायचं. यात काव्य नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा बंद पडलेला पंप पुन्हा पाणी फेकताना मालकाचं तोंड बघावं.

पण आमच्या तालुक्याची एक बाजू समुद्राला लागलेली. मोरजी, मांद्रे, हरमल. तिथून काय चालत येईल सांगता येत नाही. एक दिवस एक उंच परदेशी गृहस्थ आले. डोक्यावर जटा, कमरेला लुंगी, हातात काडेपेटीहून थोडी मोठी डबी आणि तिच्यावर काचेची छोटी टाकी. डबी चालेना म्हणून ते रडकुंडीला आले होते. मी टाकीच्या बुडातली धातूची नळी काढली आणि आत बघितलं, तर तारेचे पाच वेढे आणि भोवती कापूस! मी मोठ्याने ओरडलो, “अरे, ही तर आमच्या पाणी तापवायच्या सळईची नात!”

तो माझा या धंद्यातला प्रवेश. टाकी काढून बसवली, तारेचा सांधा साफ केला, गृहस्थांनी ढगभर वाफ सोडली आणि दुसऱ्या दिवशी हरमलची अर्धी किनारपट्टी माझ्या दारात. मग काचेच्या कपाटात एक खण त्या वस्तूंचा, म्हणजे ई-सिगारेटींचा, झाला. तेव्हा बंदी नव्हती. आता आहे, आणि म्हणून हे वाचून कुणी पेडण्याला धाव घेऊ नये. कायदा आला त्याच दिवशी मी तो खण रिकामा केला आणि तिथे मिक्सरची भांडी मांडली.

आता या यंत्राचं मर्म सांगतो. सोपं आहे. त्या नळीला म्हणतात कॉइल. कापूस टाकीतला रस पितो, तार तापते, रसाची वाफ होते, ती ओढायची. तार किती तापवायची ते डबीवरच्या बटणाने ठरतं, त्याचं माप वॅट. प्रत्येक कॉइलचा विरोध वेगळा, त्याचं माप ओहम. बस्स. एवढंच शास्त्र. पण लोक गोंधळतात म्हणून मी त्यांना स्वयंपाकघरात नेत असे. कॉइल म्हणजे भांडं आणि वॅट म्हणजे जाळ. जेवणावळीचा टोप असेल तर खाली ओंडके लावा. पण लसणीची फोडणी द्यायच्या पळीखाली ओंडके लावलेत तर काय होईल? अर्ध्या ओहमची जाड तारेची कॉइल म्हणजे टोप, तिला पंचवीस-तीस वॅट लागतात. एक पूर्णांक दोनची बारीक कॉइल म्हणजे पळी, तिला दहा-बारा पुरे. जाळ कमी पडला तर रस उकळत नाही, गुळगुळ करत सरळ तोंडात येतो. जाळ जास्त झाला तर कापूस सुकतो आणि जळतो. आणि जळक्या कापसाची वाफ घशात गेली की माणसाला आपले सगळे पूर्वज एका रांगेत दिसतात.

म्हणून माझी रीत ठरलेली. नवी कॉइल बसवली की आधी कापसावर रसाचे चार थेंब, मग टाकी भरून दहा मिनिटं गप्प बसायचं. मग कॉइलवर बारीक अक्षरात लिहिलेल्या आकड्याच्या खालून सुरुवात करून एकेक वॅट वर जायचं. चव भरली की थांबायचं. शेवटी दोन बटणं एकत्र दाबून आकड्याला कुलूप, आणि डबीवर वायंडिंगची पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर पेनाने आकडा.

गिऱ्हाइकं एकेक नग. ती रशियन बाई यंत्राला इतकी भ्यायची, की सहा वॅटच्या वर जाईना; दर आठवड्याला येऊन रस तोंडात येतो म्हणून माझ्याशी भांडायची आणि जाताना मला खजूर देऊन जायची. तुयेच्या वसाहतीत कामाला असलेला एक कागलचा फिटर अर्धा तास सगळ्या बाटल्यांचे वास घेऊन म्हणाला, “हे समदं खरं हो मालक. पण यात चुना-तंबाखूचा वास न्हाई व्हय?” मी नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिलं, की मला दुकान बंद करावंसं वाटलं.

आणि एक गोष्ट हसण्यासारखी नाही, तीही लिहितो. पहिल्या सीझनला मी ज्यांनी आयुष्यात विडीला हात लावला नव्हता अशा तरुण मंडळींनाही आंब्याच्या वासापायी यंत्रं विकली. नंतर बंद केलं. ‘विडी ओढता काय? नाही? मग घरा जावा,’ असं सांगू लागलो. पण पहिला सीझन तो पहिला सीझन. त्याची लाज अजून वाटते.

आता मुळगाव.

चतुर्थीला तीन महिने असताना आमच्या वाड्यावरची सुमनताय दुकानात आली. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी, लग्न होऊन मुळगावला दिलेली. तिच्यामागे तिचा नवरा, म्हणजे आमचे भावजी. त्यांना सगळं मुळगाव नाना म्हणतं. उंच, काळे, खांदे असे की दारातून आडवे यावेत. पंचवीस वर्षं खनिजाचा ट्रक चालवलेला माणूस. त्या दिवशी मात्र ते शाळेत आईबरोबर आलेल्या मुलासारखे उभे होते.

सुमनताय म्हणाली, “उल्हास, ह्येंका तुझा ता वाफेचा खेळणा दी. दिवसाक तीस विड्यो ओढतत. डॉक्टरान सांगलेला, सोड. मी सांगलंय, सोड. आता तू सांग.”

“मी काय डॉक्टर काय गो?”

“डॉक्टराचा आयकत नाय, म्हणून तर वायंडिंगवाल्याकडे हाडलंय!”

भावजी एक पाऊल पुढे आले. मग म्हणाले, “मेवण्या, माका आरतीक आवाज होयो. दुसरा काय नाय.”

प्रकरण असं होतं. त्यांच्या घराण्यात चतुर्थीला अकरा बिऱ्हाडं एका गणपतीपुढे जमतात. आरती घुमटाची. घुमट म्हणजे मातीच्या मडक्यासारखं वाद्य, एका तोंडावर कातडं ताणलेलं. ते घुमू लागलं की एक माणूस ओळ उचलतो, वर नेऊन धरतो आणि बाकीचे त्याच्यामागून येतात. चांगला तासभर. ही ओळ उचलायचा मान तीस वर्षं भावजींचा. आदल्या वर्षी मात्र ओळ वर नेली आणि खोकला आला. एक कडवं गेलं, दुसरं गेलं, भावजी नुसते खोकत राहिले. घुमट वाजवणारा चुलतभाऊ प्रकाश, त्याने कशीबशी ओळ उचलून वेळ निभावली. नंतर घरच्यांनी बसून ठरवलं की यंदा एकदा बघू. परत तसंच झालं तर पुढच्या वर्षापासून आरती प्रकाशची.

“वाईट कोण बोलूक नाय,” भावजी म्हणाले. “प्रकाश पण नाय बोलूक. पण खाण बंद पडली, ट्रक गेलो. आता माका कोण विचारता ता चवथीच्या दोन दिसांनी. ता पण गेला तर मी नुसतो जेवणारो.”

सुमनताय एकदम खिडकीबाहेर बघायला लागली. मी कपाट उघडलं.

बारीक कॉइल बसवली, बारा वॅट, कुलूप, पट्टी. उघडायची रीतही दाखवली, कारण कुलूप लावून किल्ली लपवणं मला पटत नाही. भावजींनी डबी हातात फिरवली. “ही किती वॅटपर्यंत जाता?”

“पंच्याहत्तर.”

“आणि तू बारावर चालवतस?”

“भांडं बघून जाळ, भावजी.”

ते बरं म्हणाले. ज्या सुरात ट्रकवाले पोलिसाला बरं म्हणतात त्या सुरात.

आठ दिवसांनी सुमनतायचा फोन. “अरे, घरात गोधडी जळल्यासारखो वास मारता आणि ह्ये खोकान खोकान निळे झाले!” दोघं दुपारच्या बसने आली. मी आकडा बघितला, तर चाळीस.

“भावजी, हे काय?”

“चढ होतो रे,” भावजी म्हणाले. “जेवल्यावर विडीची तलप येता ना, तो चढ. भरलेलो ट्रक बारावर चढात घालशीत तर मागे येतलो. म्हणून रेस दिलंय.”

मी जळकी कॉइल कापून त्यांना आतला कोळसा दाखवला. भावजींनी तो बोटावर घेतला, निरखला आणि खऱ्या दुःखाने म्हणाले, “क्लच प्लेट जळली.” त्या दिवसापासून त्यांनी आकड्याला हात लावला नाही. ट्रकवाल्याला क्लच प्लेट कळते.

मग आमची उतरण सुरू झाली. रसात निकोटीनचं प्रमाण असतं. अठरावरून बारावर, बारावरून सहावर, सहावरून तीनवर. प्रमाण कमी केलं की ओढणाऱ्याला चुकल्या-चुकल्यासारखं होतं, म्हणून तीनवर आल्यावर मी त्यांना जाड कॉइल दिली, अठ्ठावीस वॅटची. वाफ भरपूर, जोर कमी. विडी पहिल्या महिन्यातच सुटली होती. दर पंधरवड्याला भावजी यायचे आणि दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, ओळ उचलून दाखवायचे. एकदा पंप घ्यायला आलेला कोरगावचा एक माणूस दचकून पंप सोडून बाहेर पळाला. आवाज परत आला होता. नुसता आला नव्हता, छताला लागत होता.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेवटची उतरण. रस शून्याचा आणि जाड वाफेने घसा कोरडा पडू नये म्हणून परत बारीक कॉइल. आता चतुर्थीच्या आदल्या दिवशी आमच्या दुकानात काय होतं ते ऐका. गोव्यातल्या प्रत्येक घराचा मिक्सर त्याच दिवशी जळतो. उद्या पाच भाज्या, खतखतं, नेवऱ्यांचं म्हणजे करंज्यांचं सारण आणि नारळ वाटायला यंत्र नाही. काउंटरवर चौदा मिक्सर, काउंटरबाहेर चौदा बायका आणि प्रत्येकीच्या तोंडी ‘माझा पयलो’. त्या गर्दीत मी भावजींची जाड कॉइल काढली, बारीक बसवली, थेंब घातले. डबीच्या पडद्यावर प्रश्न आला: कॉइल नवी की जुनी? एक बाई मिक्सरचं झाकण माझ्या नाकाशी हलवत होती. मी तिच्याकडे बघत बटण दाबलं. जुनी. डबीने मुकाट जुना आकडा ठेवला. मी सवयीने दोन्ही बटणं दाबून कुलूप लावलं, पट्टीवर ‘१२’ असं ठळक लिहिलं आणि भावजींना म्हणालो, “उद्या आरतीच्या आधी एकच झुरका. मग बघा.”

पट्टीवर बारा. आत अठ्ठावीस.

चतुर्थीच्या दिवशी आमचे भटजी सकाळी आठलाच पूजा आटोपून गेले. मी पहिल्या नेवरीला हात घालतो तोच फोन. सुमनताय ओरडत नव्हती, म्हणून मी घाबरलो. हळू म्हणाली, “उल्हास, ह्येंचो आवाज गेलो. तू सांगलंस तसो एकच झुरको घेतलो. आता नुसती फुस्स हवा येता. भटजी दीडाक येतले.”

मी सोवळ्यावर शर्ट चढवला, खिशात ओहम-मीटर टाकला आणि स्कूटर काढली. कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा. वाटेत प्रत्येक घरातून आरत्या ऐकू येत होत्या आणि प्रत्येक आरतीत कुणाचातरी आवाज धडधाकट होता. मी एकेकाचा मत्सर करत मुळगावला पोचलो.

भावजी बाहेर सोप्यावर बसले होते. धुतलेलं धोतर, कपाळाला गंध आणि हातात आलं-गुळाच्या पाण्याचा पेला. त्यांनी डबी पुढे केली. मी आकडा बघितला. मीटर लावला. एक पूर्णांक दोन ओहम, अठ्ठावीस वॅट. शिकाऊ माणूस करणार नाही ती चूक, आणि वर माझ्याच हाताचं कुलूप.

“भावजी,” मी म्हणालो, “ट्रक तुम्ही नीट चालवला. क्लच मी जाळली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आत बोट दाखवून फुसफुसले, “सगळ्यांक सांग.”

आत अकरा बिऱ्हाडं. मी सोवळं सावरत, गणपतीसमोर, तीस-पस्तीस माणसांना वॅट म्हणजे काय आणि ओहम म्हणजे काय ते सांगितलं. मध्येच एक म्हातारे गृहस्थ ‘ह्यो कोणतो अध्याय?’ असं विचारून गेले. शेवटी म्हणालो, “ह्या माणसाने दोन महिने विडीला हात लावला नाही. खोकला गेला. आवाज आला होता, मी साक्षीदार. तो आज माझ्या चुकीने बसला. ह्याचा हिशेब नानांच्या नावावर धरू नका.”

घुमट मांडीवर घेऊन बसलेला प्रकाश चांगला माणूस. तो म्हणाला, “नाना, कोण तुझी चूक धरना नाय. पण आवाज नाय तर ओळ उचलतलंस कशी? आजच्या दिवस मी म्हणतंय.”

सगळ्यांना ठाऊक होतं की आजचा दिवस म्हणजे पुढचे सगळे दिवस.

सुमनताय स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, “तोंड असा ना? मग म्हणतले. आवाज नाय तर नाय.”

जाता जाता एक सांगून टाकतो, कारण पुढे मला जागा मिळणार नाही. ती डबी भावजींनी त्या क्षणी माझ्या खिशात कोंबली आणि परत कधी मागितली नाही. विडीही नाही. मी औषध दिलं असं म्हणणार नाही. माझ्या धंद्यात एवढा मोठा गुण आणि एवढी मोठी चूक एकाच गिऱ्हाइकावर दुसऱ्यांदा जमली नाही, एवढंच म्हणतो.

भटजी आले, पूजा झाली, कापूर पेटला. प्रकाशने घुमटावर थाप टाकली आणि नानांकडे बघितलं. भावजी उभे राहिले. एरवी ते सुरुवातच अशी करायचे, की कौलं हलावीत. त्या दिवशी वर जायला शिडीच नव्हती. त्यांनी घसा खाकरला, डोळे मिटले आणि तळातून, विहिरीतून पोहरा ओढावा तशी ओळ काढली. खाली. खूप खाली. खरखरीत, पण सुरात.

पहिल्या ओळीला कुणी मागून आलंच नाही. सगळे बावरले होते. दुसऱ्या ओळीला मागच्या खांबाजवळचे एक काका हळूच आले. मग त्यांचे दोन जावई. मग स्वयंपाकघराच्या दारातून बायकांचा आवाज आला, आधी चाचपडत, मग मोकळा. मला समजेना काय चाललंय. मग उजेड पडला. तीस वर्षं भावजी आरती अशा पट्टीत उचलत होते, की त्यांच्याखेरीज तिथे कुणाचा आवाज पोचतच नसे. बाकीची माणसं आजवर नुसते ओठ हलवत आली होती! आरतीला शब्द असतात हे तिथल्या निम्म्यांना त्या दिवशी कळलं असावं. आता सगळं घर गात होतं. ‘ह्यो कोणतो अध्याय’वाले आजोबा टाळ्या चुकवत होते, पण गात होते. भटजींना पुढच्या घरची घाई होती, ते पंचपात्र खाली ठेवून गायला लागले. भावजींनी एक डोळा उघडून खोलीभर बघितलं, दचकले आणि परत मिटून घेतला.

आणि प्रकाश. घुमट वाजवता वाजवता त्याचं तोंड इतकं उघडं, की तो गातोय की हसतोय कळेना. दोन आरत्या जास्त झाल्या. कुणी थांबवेना. शेवटची ओळ भावजींनी ठेवली, घुमट थांबलं, कापराचा धूर वर गेला. नमस्कारासाठी हात जुळायचे, तर त्या शांततेत, गणपती समोर आहे, भटजी उभे आहेत, याचं कसलंच भान न ठेवता प्रकाश ओरडला:

“नाना, आरती तुझीच! पण फुडल्या वर्साक पण असोच घसो बसवन ये!”